घास एकाचा, पोट दुसऱ्याचं

रविवारी दुपारी वेंडेल सोब्चाकने गॅरेजमध्ये उभ्याउभ्या डोनट खाल्ला, आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात त्याच्या बायकोला, लोरेटाला, ढेकर आला.

ढेकर साखरेचा होता. त्याचा तो उबदार, पिठूळ वास लोरेटाला चटकन ओळखू आला आणि ती घाबरली, कारण ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू होता आणि तो सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून तिने गोडाला स्पर्शही केला नव्हता. सकाळपासून बिनसाखरेचे ओट्स आणि काळी कॉफी, यांखेरीज तिने काही घेतलं नव्हतं. तिने घासत असलेलं भांडं खाली ठेवलं, नळ बंद केला. घरात फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. तेवढ्यात दुसरा ढेकर आला. या वेळी त्याला रास्पबेरीच्या जामचा वास होता.

तिने गॅरेजचं दार किलकिलं केलं. "वेंडेल, काय खातोयस?"

वेंडेल चोरासारखा दचकला. "आज रविवार आहे हं! आठवड्यातलं एक जेवण सुटीचं असतं. मार्व्हनेच सांगितलंय, विचार त्याला."

"मी कुठे भांडतेय? नुसतं विचारतेय. आत्ता जामवाला खाल्लास का?"

"तुला कसं कळलं?"

"वास आला."

"दार तर बंद होतं," वेंडेल म्हणाला.

 लोरेटाने दार हळूच लावून घेतलं आणि ॲप्रनच्या खिशातली जपमाळ चाचपली.

वेंडेल अ‍ॅक्रनमध्ये लोकांच्या गॅरेजना दारं बसवायचं काम करी आणि उरलेला सगळा वेळ शरीर कमावण्यात घालवी. पन्नाशी ओलांडली तरी दर वसंतात तो क्लीव्हलंडच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत प्रौढांच्या गटात उतरे आणि दर वसंतात पहिल्या तिघांच्या मागे कुठेतरी उभा राहून टाळ्या वाजवून घरी येई. यंदाची खेप शेवटची होती. उजव्या खांद्यातून जात्यासारखा आवाज येत होता. स्पर्धेनंतर शस्त्रक्रिया ठरली होती, आणि त्यानंतर जड वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वेंडेल हे सगळ्यांना हसत हसत सांगे. लोरेटाने मात्र ते चर्चमध्ये वेदीपुढे नेऊन ठेवलं होतं. यंदाचं गोड सोडलं होतं ते त्या खांद्यासाठी. वेंडेल स्टेजवरून धडधाकट खाली उतरू दे, मग ईस्टरला मी गोड खाईन, एवढंच तिचं मागणं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. व्रत बोलून दाखवायचं नसतं, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं.

मार्व्ह हा जिमचा मालक. टायरच्या जुन्या दुकानात त्याचं जिम होतं आणि अजूनही तिथे घामापेक्षा रबराचाच वास जास्त येई. हिवाळ्यात एकदा त्याने वेंडेलच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि मान हलवली.

"तुझं खाणं चुकत नाही रे. वाटणी चुकतेय."

"कसली वाटणी?"

"अन्न आत गेलं की त्याची वाटणी होते. काही स्नायूंना जातं, काही चरबीला. एखाद्या नशीबवान माणसाचं सगळं स्नायूंत जातं. तुझ्यात चरबी थोरल्या भावासारखी बसलीय, धाकट्यांच्या हाती काही लागू देत नाही."

"मग आता कोर्टात जाऊ?"

"गंमत नाही. वाटणी सुधारणाऱ्या गोळ्या मिळतात. सुट्या घेतल्या तर पैसे पाण्यात. पण सगळ्या एकत्र केल्या ना, तर बघच."

वेंडेलने बघायचं ठरवलं. दालचिनी, मेथी, कारलं, दारुहळद, ताम्हणाची पानं, क्रोमियम आणि नाव घेताना जीभ अडखळेल असं एक आम्ल, अशा बाटल्या त्याने आणल्या. एकेक गोळी फोडून तिच्यातली भुकटी त्याने प्रोटीनच्या रिकाम्या डब्यात ओतली आणि रंग ढवळायच्या ड्रिलने ती चांगली घुसळली. गॅरेजभर तपकिरी धुकं पसरलं. ते खाली बसल्यावर वेंडेलने डब्याला झाकण लावलं. चिठ्ठी वगैरे काही चिकटवली नाही.

चूक झाली ती इथे. शरीर कमावणाऱ्यांच्या घरात प्रोटीनचा रिकामा डबा कधी फेकला जात नाही. सोब्चाकांच्या घरी अशा डब्यांत खिळे होते, नाताळच्या दिव्यांच्या माळा होत्या, कुत्रा होता तेव्हाचा कुत्र्याचा खाऊ होता, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर पीठ, तांदूळ, ओट्सही होते. वेंडेलने आपला डबा सोयीसाठी त्याच फळीवर ठेवला. लोरेटाची दालचिनीची बरणी रिकामी झाली तेव्हा तिने झाकणं उघडून वास घेतले, तपकिरी पूड सापडली, आणि त्यातलीच बरणीत भरली. रोज सकाळी बिनसाखरेच्या ओट्सवर ती चमचाभर भुरभुरवी. पूड चांगलीच कडू लागे. लोरेटाला वाटे, बरंच आहे, उपवासकाळात थोडं कडू खाल्लेलं काय वाईट?

पुढच्या दिवसांत वेंडेल सुकत गेला. सुटीच्या जेवणात डोनट खाऊनही त्याच्या पोटावरची चरबी कुणी रात्रीतून खरवडून न्यावी तशी नाहीशी होत होती. मार्व्ह त्याला दिव्याखाली फिरवून बघे. "वाटणी बसली!" तो ओरडे. "बघा रे, याला म्हणतात वाटणी!"

इकडे लोरेटा उपवास करून फुगत होती. कोटाचं बटण लागेना. अंगठी साबण लावून काढावी लागली. चर्चच्या बायका तिच्याकडे बघून प्रेमाने हसत आणि एकमेकींकडे बघून वेगळं हसत. "उपवास मानवलाय हं तुला, लोरेटा," एकजण म्हणाली. लोरेटा मान खाली घालून घरी आली. पण लाजेपेक्षाही तिला भीती जास्त वाटत होती. निवांत बसलेली असताना मध्येच तिला पोटात वजन पडल्यासारखं वाटे. जरा वेळाने आणखी एक. जणू तिच्या आत टेबल मांडून कुणीतरी शांतपणे जेवत होतं, आणि जेवताना तिच्याशी एक अक्षर बोलत नव्हतं.

मंगळवारी दुपारी ती चर्चमध्ये वेदीच्या चादरींना इस्त्री करत होती. आत कुणी नव्हतं. पुतळ्यांवर उपवासकाळाची जांभळी कापडं घातलेली होती. अचानक पोटात उकडलेलं चिकन उतरू लागलं. चिकनच, यात शंका नाही. ढेकर सांगत होता. तिने इस्त्री उभी केली आणि वेंडेलला फोन लावला.

"जेवतोयस का?"

"हो. गाडीत बसून."

"चिकन संपलं तुझं."

"आत्ताच. का गं?"

"भात अर्धा खाल्लास. ब्रोकोली अजून राहिलीय."

पलीकडे चमचा डब्यात पडल्याचा आवाज आला. मग वेंडेल हलक्या आवाजात म्हणाला, "कुठे उभी आहेस? मागच्या बाजूला का?"

"मी चर्चमध्ये आहे, वेंडेल."

"मला मागे वळून बघायला भीती वाटतेय."

"मलाही," लोरेटा म्हणाली. "ब्रोकोली खाऊ नकोस. घरी ये."

घरी त्यांनी परीक्षा घेतली. लोरेटा झोपायच्या खोलीत दार लावून बसली, वेंडेल स्वयंपाकघरात. तिने पावाचा तुकडा चावून गिळला.

"पाव!" बाहेरून वेंडेल ओरडला. मग थोड्या वेळाने, जरा घोगऱ्या आवाजात, "उकडलेलं अंडं. लोरेटा, बास कर. माझ्या तोंडात काहीच नाहीये आणि पोट भरतंय."

चव ज्याच्या तोंडात त्याची. पण घास गिळला की तो दुसऱ्याच्या पोटात उतरत होता. दोघं टेबलाशी समोरासमोर बसले आणि कितीतरी वेळ एकमेकांच्या पोटाकडे बघत राहिले.

"म्हणजे मी सुकलो तो तुझ्या उपवासाने," वेंडेल म्हणाला.

"आणि मी फुगले ती तुझ्या डोनटने."

वेंडेलला वेगळंच काही आठवलं. "रोज दुपारी मला शिडीवर भोवळ येते. आत नुसती पोकळी. तू दुपारी जेवत नाहीस का?"

"नाही."

"कधीपासून?"

"फार वर्षं झाली. एकटीसाठी कोण गरम करत बसणार?"

"मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस," लोरेटा म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे वेंडेलला जास्तच लागलं.

मग बरणी निघाली, डबा निघाला. वेंडेलने मार्व्हला फोन केला आणि मित्राची गोष्ट म्हणून सगळं सांगितलं. मार्व्ह म्हणाला की वाटणी एकदा बसली की महिनाभर तरी मोडत नाही, अंगात मुरलेलं उतरायला वेळ लागतो, आणि तुझ्या त्या मित्राने बायकोशी जरा कमी भांडावं. स्पर्धा त्याच्या आत होती.

तेव्हा त्यांनी ताटं बदलली. दुसरा इलाजच नव्हता. वेंडेलच्या स्नायूंचं खाणं आता लोरेटाने खायचं आणि तिचं त्याने. त्या दिवसापासून लोरेटा तराजूवर तोलून उकडलेलं चिकन आणि बिनमिठाचा भात चावू लागली, तीन तासांनी पुन्हा, आणि पुन्हा. जबडा दुखे. वेंडेल तिच्यासाठी बटाटा भरलेले, उकडीच्या करंज्यांसारखे पिरोगी खाई, कोबीचं सूप पिई, दुपारी वेळेवर जेवे. शिडीवरून उतरून, घड्याळ बघून, डबा उघडून जेवे. इतक्या वर्षांत कुणी लोरेटाच्या दुपारच्या जेवणाची एवढी काळजी घेतली नव्हती. गोडाला त्याने आपणहून हात लावणं सोडलं. "तुझ्या व्रतात माझं तोंड नको," म्हणाला. ते व्रत कशासाठी आहे, हे लोरेटाने तेव्हाही सांगितलं नाही.

अडलं ते शुक्रवारी. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस चालत नाही आणि वेंडेलच्या स्नायूंना ते रोज हवं होतं. शिवाय जे गोड नकळत आत गेलं त्याचं काय, हाही प्रश्न तिला पोखरत होता. चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी तळलेल्या माशांचं जेवण असे. तिथे लोरेटाने फादर झिगमंडना एका कोपऱ्यात गाठलं.

"फादर, तोंडाने न खाता पोटात गोड गेलं, तर व्रत मोडतं का?"

फादरांच्या हातात बटाट्याच्या फोडींची बशी होती. त्यांनी एक फोड तोंडात टाकली आणि विचार केला. "म्हणजे सलाईनमधून?"

"नाही. नवऱ्याकडून."

फादरांनी फोड सावकाश गिळली. नवरा-बायकोच्या प्रश्नांत फार खोलात जायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. "नकळत गेलं त्याचा दोष नाही," ते म्हणाले. "पण एकदा कळलं, की थांबवायचा प्रयत्न केला पाहिजे. थांबवलं नाही, तर मग ते तुझ्या खाती."

"आणि शुक्रवारी चिकन मी खाल्लं आणि ते त्याला गेलं तर?"

"लोरेटा," फादर काळजीने म्हणाले, "मासे खा. दोघंही मासे खा."

तोडगा सोपा होता. त्या दिवसापासून दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात एक भलीमोठी बाई पिशवीतून तराजू काढे आणि तळणाऱ्यांना विनवी, "माझा नुसता उकडून द्या ना. मीठ नको." तळणारे तिच्यासाठी प्रार्थना करत.

गुड फ्रायडेला मात्र मोठा पेच पडला. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, स्पर्धा. आदल्या दिवशी या लोकांची रीत अशी, की सुकलेले स्नायू भरून यावेत म्हणून भात, रताळी असं पोटाला तडस लागेपर्यंत खायचं. म्हणजे लोरेटाने खायचं. आणि गुड फ्रायडेला लोरेटा पाण्यापलीकडे काही घेत नसे.

तिने सकाळी भाताचं पातेलं गॅसवर ठेवलं. झाकण काढलं, परत लावलं. वेंडेल दारात उभा राहून बघत होता.

"गॅस बंद कर," तो म्हणाला.

"तुझा शेवटचा स्टेज आहे."

"तुझा तर दर वर्षीचा शुक्रवार आहे."

"पण मी उपाशी राहिले तर उपाशी तू राहणार. माझा उपास व्हायचा तर तुलाही तोंड बंद ठेवावं लागेल."

"मग ठेवतो," वेंडेल म्हणाला.

त्या दिवशी दोघांनीही काही खाल्लं नाही. तिचा उपास त्याच्या पोटात होता, त्याचा तिच्या. घर इतकं शांत होतं की खोलीत कुणाचं पोट वाजलं तर ते नक्की कुणाचं, हे दोघांनाही सांगता येईना.

शनिवारी पहाटेपासून लोरेटाने भरपाई सुरू केली. वेंडेल गाडी चालवत होता, ती शेजारी बसून रताळी खात होती. रताळं गोड असतं, पण ते देवाने गोड केलेलं, त्यात माणसाचा हात नाही, असा निर्वाळा तिने फादरांकडून आधीच घेऊन ठेवला होता. क्लीव्हलंड येईपर्यंत तिला शिसारी आली होती आणि वेंडेलच्या हातावरच्या शिरा दोरखंडासारख्या उठल्या होत्या.

नाट्यगृहात ती तिसऱ्या रांगेत मांडीवर डबा घेऊन बसली. वेंडेलचा गट आला. सगळे गडी तपकिरी रंग फासून, तेल लावून उभे होते. दिव्याखाली त्यांचे फक्त दात आणि डोळे माणसांचे दिसत होते. लोरेटाने घास घेतला, आणि वेंडेलची छाती वर आली. तिने दुसरा घेतला, मांडीवर रेघा उमटल्या. तेवढ्यात खांद्यावर बोट टेकलं.

"बाई, आत खायला मनाई आहे," रखवालदार म्हणाला.

"हे मी माझ्यासाठी खात नाहीये."

"सगळे असंच म्हणतात. बंद करा डबा, नाहीतर बाहेर जा."

लोरेटाने डबा बंद केला. स्टेजवर वेंडेलचे दंड उतरू लागले, हळूहळू, छोट्या छिद्राच्या टायरसारखे. तो तिच्याकडे बघत होता. हसू तसंच ठेवून त्याने मान किंचित हलवली. राहू दे, असं ते होतं.

लोरेटा उठली. रांगेतल्या लोकांची माफी मागत बाहेर आली आणि व्हरांड्यात, बंद दारासमोर उभी राहून खाऊ लागली. नवऱ्याचा शेवटचा स्टेज तिला दिसला नाही. तिला फक्त दार दिसत होतं. घास गिळला की दारामागे टाळ्या पडत. जिथे टाळ्या कमी पडल्या तिथे तिने मोठा घास घेतला. डबा संपला आणि ती दाराला कान लावून उभी राहिली.

वेंडेल तिसरा आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या गळ्यात काही पडलं. निवेदकाने विचारलं, "एवढ्या तयारीचं श्रेय कुणाला?"

"बायकोला," वेंडेल म्हणाला. "पहाटेपासून खातेय बिचारी."

नाट्यगृह खो खो हसलं.

स्पर्धा संपली की सगळ्यांनी मिळून मनसोक्त खायचं, ही या लोकांची रीत. महामार्गाकाठच्या पॅनकेकच्या हॉटेलात लांब टेबल लागलं. वाढणाऱ्या मुलींनी खुर्च्यांवर आधीच प्लास्टिक अंथरलं होतं, कारण अंगाचा रंग कापडाला लागतो. तपकिरी, चकाकती, सुरकुतलेली माणसं ओळीने बसली. ताटं आली. पॅनकेकच्या चळती, लोणी, त्यावरून ओघळणारा मेपलचा पाक. कित्येक आठवड्यांत ज्यांनी चिमूटभर साखर पाहिली नव्हती, त्यांनी माना खाली घातल्या आणि टेबलावर फक्त काट्यांचा आवाज उरला.

वेंडेलनेही काटा उचलला. मग लोरेटाकडे पाहिलं आणि काटा खाली ठेवला. "तुझं ईस्टर कधी सुरू होतं?"

"आज दिवस मावळला की."

"मग थांबतो. एवढा थांबलोय."

लोरेटाने त्याच्या रंगलेल्या हातावर हात ठेवला. बाहेर सूर्य अजून खांबांच्या वर होता. दोघं रिकामी बसून राहिली.

आणि मग लोरेटाच्या पोटात काहीतरी उतरलं. त्यानंतर लोण्यासारखं मऊ काहीतरी. घशाशी मेपलचा वास आला.

"वेंडेल, तू खातोयस?"

"हे बघ माझे हात."

लोरेटाचा आवाज एकदम बारीक झाला. "मग कोण खातंय?"

दोघांनी टेबलावरून नजर फिरवली. टेबलाच्या टोकाला टोलेडोचा अग्निशामक गॅरिसन बसला होता, सगळ्यांत धिप्पाड. त्याच्यासमोर रिकाम्या ताटांची चळत होती आणि गाल आत गेलेले होते. "अजून आण गं," तो वाढणाऱ्या मुलीला काकुळतीने म्हणत होता. "काहीतरी चुकतंय. मी गिळतोय ते जातंय कुठे?" त्याच्यासमोरच्या हलक्या गटातल्या किरकोळ माणसाने ताटाला हातही लावला नव्हता, आणि तो घामाघूम होऊन पँटचं बटण काढत होता.

"वेंडेल," लोरेटा म्हणाली, "काय केलंस?"

"सकाळी स्टेजमागे... गॅरिसनने माझ्या पाठीला रंग लावून दिला. मग विचारलं, काय घेतोस रे एवढा सुकायला? नाही कसं म्हणायचं? मग बाकीच्यांनीही हात पुढे केले. डबा पिशवीत होता, एकेक चमचाच दिला. त्यांनी तो स्टेजवरून उतरल्यावर घेतला."

"अरे, पण तुला माहीत होतं!"

"मला वाटलं, हे नवरा-बायकोतच होतं."

लोरेटाच्या आत आणखी एक गोड घास पडला. कुणाचा, ते देवालाच ठाऊक. आता तिला कळलं होतं, आणि कळल्यावर थांबवलं पाहिजे होतं. ती उभी राहिली. "ऐका ना जरा," ती म्हणाली. तिचा आवाज चर्चच्या दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नसे, तिथे इथे कोण ऐकणार? तेव्हा ती टेबलाच्या टोकाला गेली आणि तिने गॅरिसनच्या मनगटावर हात ठेवला. काटा हवेत थांबला. एकामागून एक सगळे थांबले.

"तुम्ही खाताय ते माझ्यात येतंय," ती म्हणाली. "तुमच्यातही एकमेकांचं जातंय. ते हळूहळू उतरेल म्हणतात. पण माझं गोडाचं व्रत आहे, दिवस मावळेपर्यंत. तेवढं थांबाल का?"

एकजण हसला. किरकोळ माणूस हसला नाही, त्याने दुसरं बटण काढलं. गॅरिसनने आपल्या ताटांच्या चळतीकडे पाहिलं, मग लोरेटाच्या पोटाकडे.

"कशासाठी आहे व्रत, वहिनी?"

लोरेटाने एकदा वेंडेलकडे पाहिलं. मग म्हणाली, "वेंडेलच्या खांद्यासाठी."

 टेबलाच्या दोन्ही बाजूंनी भलेमोठे तपकिरी हात नकळत वर गेले आणि ज्याचा त्याचा खांदा चोळू लागले.

"उजवा की डावा?" गॅरिसनने विचारलं.

"उजवा."

गॅरिसनने काटा ताटात ठेवला. मग सगळ्यांनीच ठेवले.

वेंडेल लोरेटाकडे बघत होता. "माझ्या खांद्यासाठी? मला का नाही सांगितलंस?"

"सांगायचं नसतं."

"आता सांगितलंस. मग मोडलं का?"

"माहीत नाही," लोरेटा म्हणाली. "बस गप्प."

वाढणारी मुलगी आली. पॅनकेक गार होत होते, त्यांवर पाक आटत होता, आणि डझनभर राक्षस हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत होते. "काही चुकलं का आमचं?" तिने घाबरत विचारलं.

"नाही गं. वाट बघतोय."

"कुणाची?"

"सूर्याची," गॅरिसन म्हणाला. मुलगी पाय न वाजवता परत गेली.

सूर्य पेट्रोलपंपाच्या मागे गेला, मोठ्या ट्रकांच्या मागे गेला, मग दिसेनासा झाला. महामार्गावरचे दिवे लागले. वेंडेलने उजवा हात हळूच वर केला, गोल फिरवला आणि खाली ठेवला. काही आवाज आला नाही. "चला," तो म्हणाला.

सगळ्यांनी काटे उचलले. आणि मग कुणीच पहिला घास घेईना. प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघत होता. आपलं कुणाकडे जाणार आणि कुणाचं आपल्याकडे येणार, कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी लोरेटाने वेंडेलच्या ताटातला एक कोपरा कापला, पाकात बुडवला आणि तोंडात ठेवला. डोळे मिटून तिने तो सावकाश चघळला. तोंडभर चव पसरली, आणि घास गिळताना घशाखाली कुठे गेला ते तिला कळलंच नाही. आत काही उतरलं नाही.

टेबलाच्या टोकाला गॅरिसन ताठ झाला. त्याने पोटावर हात ठेवला आणि थोडा वेळ तो हललाच नाही.

"आलं," तो पुटपुटला. मग ओशाळून म्हणाला, "अजून एक घ्या ना, वहिनी."